चौकशी न करणारं गाव

कोकणातल्या कुठल्याही गावात एसटीतून उतरून चालायला लागा. पहिल्या वळणाच्या आत कुंपणापलीकडून प्रश्न येतो, "खयसून इलात?" उत्तर दिलंत की दुसरा, "कोणाकडे?" मग "कोणाचे तुमी?" तुम्ही देवळापर्यंत पोचेस्तोवर तुमचं आडनाव, मूळ गाव, मुलांची शिक्षणं आणि जावयाची नोकरी तुमच्या आधी तिथे जाऊन बसलेली असते. या चौकश्यांना कंटाळून शहरात राहायला गेलो, असं सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. चौकशी झालीच नाही तर माणसाचं काय होतं, हे मात्र मी जपानमध्ये पाहिलं. आमच्या तात्यांचं झालेलं पाहिलं.

तात्या माझे साडू. जन्म मालवणचा, हयात मुंबईत बँकेत, निवृत्तीनंतर परत मालवण. एरवी ते छापील मराठी बोलतात. मासे, राग आणि आनंद या तीन खात्यांसाठी मालवणी राखून ठेवलेली आहे. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, ओसाकात संगणकाच्या नोकरीत आहे. तिनं आईबाबांना उन्हाळ्यात बोलावलं आणि आईबाबांना एकटं पाठवायला नको म्हणून मावशी-काकांनाही बोलावलं. एकमेकांवर लक्ष ठेवायला पाठवलेली चार माणसं म्हणजे आम्ही.

जपानचा उन्हाळा जुलै-ऑगस्टात. त्या वेळी आपल्याकडे पाऊस आणि किनाऱ्यावर मासेमारीबंदी, १ जून ते ३१ जुलै. म्हणजे तात्या निघाले ते सुकट-सुंगटांवर दिवस काढून, ताज्या माशाचं तोंड न पाहिलेल्या अवस्थेत. भाचीनं विचारलं, "बाबा, काय काय बघायचंय? फुजी? बुलेट ट्रेन?" तात्या म्हणाले, "मासे मारतत असो एक गाव दाखव. बाकीचा तुझ्या आईक दाखव."

भाचीनं इने निवडलं. क्योतो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सोनेरी देऊळ आणि किमोनो येतात, पण क्योतो शहराच्या मागे क्योतो प्रांत नावाचा मोठा मुलूख आहे आणि तो उत्तरेला थेट जपानच्या समुद्रापर्यंत जातो. तिथल्या तांगो द्वीपकल्पावर हे कोळ्यांचं गाव. क्योतोहून आगगाडीनं दोनेक तास आमानोहाशिदाते, तिथून बसनं आणखी तासभर.

वाटेत आमानोहाशिदाते पाहणं सक्तीचं. जपानमधल्या तीन सर्वांत सुंदर देखाव्यांपैकी हा एक, असं तिथे शेकडो वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं आहे, त्यामुळे आपण मत बनवायची जबाबदारी उरत नाही. खाडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेला साडेतीन किलोमीटरहून लांब वाळूचा दांडा, त्यावर पाइनची गर्द झाडी. तो बघायची पद्धत अशी, की डोंगरावर जायचं, दांड्याकडे पाठ करायची, पाय फाकवायचे, ओणवं व्हायचं आणि आपल्याच दोन पायांमधून मागे बघायचं. मग आकाश खाली जातं, समुद्र वर येतो आणि दांडा स्वर्गाला जाणाऱ्या पुलासारखा दिसतो. यासाठी खास चौथरा बांधलेला आहे. त्यावर सभ्य, कपड्यांना इस्त्री केलेली माणसं रांगेनं येऊन ओणवी होत होती. घरात पडलेलं पेन उचलायला बायकोला हाक मारणारे तात्याही ओणवे झाले. "घरी सांगितलं की कंबर धरते," मेहुणी म्हणाली. तात्यांनी त्याच स्थितीतून उत्तर दिलं, पण ते उलटं असल्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

या ओणवं होण्याला शास्त्राचाही आधार आहे. पायांमधून पाहिलं तर वस्तूंचे आकार आणि अंतरं वेगळी भासतात का, यावर हिगाशियामा आणि आदाची या दोन जपानी संशोधकांनी खरोखरीच संशोधन केलं आणि त्याबद्दल त्यांना २०१६ साली इग नोबेल मिळालं. इग नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार. तात्या वर आले तेव्हा त्यांना आमच्याही आकारात फरक वाटत होता. पण तो रक्त डोक्यात उतरल्यामुळे असावा.

मग इने. बस एका वळणावरून खाली उतरते आणि खाडीच्या काठानं घरांची रांग दिसते. प्रत्येक घर पाण्यात उतरलेलं. नदीकाठी घाटाच्या पायऱ्या पाण्यात असतात तशा या घरांच्या ओट्या पाण्यात. यांना फुनाया म्हणतात. तळमजला होडीचा, वरचा मजला जाळ्यांचा आणि माणसांचा. समुद्रातून यायचं, होडीसकट घरात शिरायचं. खाडीचा काठ सगळा मिळून पाचेक किलोमीटर आणि त्यावर अशी २३० च्या आसपास घरं, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे.

तात्या काठाच्या कठड्यावर बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भरतीक काय करतत?"

हा प्रश्न मुंबई-कोकणच्या माणसालाच सुचेल. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. वेसाव्याला कुणी असं घर बांधलं तर सकाळी तळमजल्यावर बांधलेली होडी दुपारी वरच्या मजल्यावर जेवायला येईल. जपानच्या समुद्रात मात्र भरती-ओहोटी नावापुरती. इनेत तर फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. त्यात खाडीचं तोंड दक्षिणेला, थंडीतले वारे वायव्येचे, पाठीशी डोंगर आणि तोंडाशी आओशिमा नावाचं बेट बुचासारखं बसलेलं. म्हणजे लाट आत यायची तर तिला वळसा घालून, बेटाची परवानगी काढून यावं लागतं. मागे डोंगर इतका जवळ, की सपाट जागाच नाही. घर बांधायला उरला तो काठ. होडी लाकडाची, ती सतत पाण्यात ठेवली तर कुजते, किडते, म्हणून तिला आत ओढून वाळवायची सोय. सगळा हिशेब इतका चोख, की तात्यांनी मान हलवली. बँकेत ताळेबंद जुळल्यावर ते अशी मान हलवत असणार.

भाचीनं आणखी माहिती पुरवली. २००५ साली सरकारनं या सगळ्या वस्तीला जतन करायच्या पारंपरिक वस्त्यांच्या यादीत घातलं; कोळीगावाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. घराचं बाहेरचं रूप बदलायचं तर परवानगी लागते. "म्हणजे खिळो मारूचो तरी अर्ज," तात्या म्हणाले. "आपल्याकडे माणसा नसली की घराचा वारसास्थळ होता. हय माणसा ऱ्हवतत तरी झाला." खरंच माणसं राहत होती. वारसास्थळाच्या खिडकीत मोजे वाळत होते.

आम्ही गावातून फिरायला लागलो. गावातून म्हणजे एकाच रस्त्यावरून. हा रस्ता १९३० च्या दशकात झाला. त्याआधी एका घराकडून दुसऱ्या घराकडे जायचं तर होडी काढायची किंवा लोकांच्या अंगणांतून जायचं. रस्ता झाला तो घरांच्या मधून. आता समुद्राच्या बाजूला फुनाया आणि डोंगराच्या बाजूला त्याच कुटुंबाचं राहतं मोठं घर. मधून बस जाते. सकाळी उठून होडी बघायची तर रस्ता ओलांडून जावं लागतं, दोन्ही बाजूंना बघून.

रस्त्यात माणसं भेटली. रबरी बूट घातलेली आजी भेटली. जाळं शिवणारे आजोबा भेटले. ढकलगाडीत कांदे घेऊन जाणाऱ्या बाई भेटल्या. सगळ्यांनी मान लवून नमस्कार केला आणि सगळे आपल्या कामाला लागले. आम्ही चार भारतीय, त्यांतल्या दोघी साड्यांत, एकाच्या डोक्यावर उन्हासाठी चौकडीचा पंचा. भरदुपारी गावातून निघालेली एवढी मोठी बातमी, आणि कुणी विचारलं नाही, की कोण, कुठले, कशाला.

तात्या पहिल्या वळणापर्यंत वाट बघत होते. दुसऱ्या वळणाला त्यांनी पंचा काढून पुन्हा बांधला, लक्ष वेधून घ्यायला. तिसऱ्याला ते मुद्दाम मोठ्यानं खोकले. एका मांजरानं वळून पाहिलं आणि ते गेलं.

"कोण कायच इचारणा नाय," तात्या म्हणाले.

"बाबा, इथे असं विचारत नाहीत. दुसऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून."

"माका अवघाडल्यासारख्या होता, त्याचा काय?"

त्यात पाट्या. बऱ्याच घरांपाशी तीन-चार भाषांत लिहिलेलं होतं, की ही खासगी घरं आहेत, कृपया आत येऊ नका. गाव दोनेक हजार माणसांचं, बघायला येणारे दरवर्षी त्याच्या कितीतरी पट. तेव्हा पाट्या लागणारच. पण आपल्याला उघड्या दारातून आत बघायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आपल्याकडे उघडं दार म्हणजे निमंत्रण, अर्धं उघडं दार म्हणजे जरा कमी आग्रहाचं निमंत्रण. इथे तर पूर्ण भिंतच नाही, तळमजला समुद्राला उघडा, आत होडी, जाळी, बादल्या, एखादी जुनी सायकल, आणि दिसतंय ते सगळं न बघितल्यासारखं करायचं. मला आणि तात्यांना मान समोर ठेवून डोळे तिरके करत चालायचा सराव होत गेला. एका फुनायात तात्यांना लाकडी होडी दिसली. आजकालच्या होड्या फायबरच्या आणि मोठ्या, त्या आत मावत नाहीत, बाहेरच बांधलेल्या असतात. ही मात्र जुनी, लाकडी, आत ओढलेली. पाटीच्या अलीकडे उभे राहून तात्या पाटीच्या पलीकडे मान लांब करत राहिले. शेवटी भाचीनं दंड धरून त्यांना पुढे नेलं.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी पोचलो. एका फुनायाचाच वरचा मजला पाहुण्यांसाठी केलेला. चटया, खाली बसायचं मेज, खिडकीखाली थेट पाणी. घरच्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी खिडकीतून खाली सोडलेला जाळीचा पिंजरा दाखवला. जेवणातली माशांची डोकी, काटे त्यात टाकायचे आणि सोडून द्यायचं. सकाळी उघडला की आत मासे. तात्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग मेहुणीकडे पाहिलं, आणि नुसतंच म्हणाले, "बघ." मालवणच्या घरात खरकटं टाकण्यावरून चाललेल्या जुन्या वादाचा तो निकाल असावा.

जेवण आलं. जपानच्या संडासांवर आणि जपानच्या जेवणाच्या मांडणीवर मराठीत पुरेसं लिहून झालेलं आहे, म्हणून मांडणी सोडून देतो. मुख्य होतं ते कालवं. तांगोच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात मिळणारं हे खडकावरचं कालव हाताच्या पंजाएवढं असतं. मालवणात बायका ओहोटीला खडकांवर बसून कोयत्यानं कालवं काढतात आणि वाटीभर होईस्तोवर कंबर जाते. इथे एकाच शिंपल्यात वाटी भरलेली. तात्यांनी लिंबू पिळलं, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मग ताजी म्हाकुल आली, मग भाजलेले आजी. आजी हे माशाचं नाव. मेहुणीला ते सांगेपर्यंत तिचा घास हातातच राहिला होता.

भाचीनं हौसेनं विचारलं, की इनेचा प्रसिद्ध बुरी मासा मिळेल का. बाई हसल्या. बुरी थंडीतला. डिसेंबरच्या सुमाराला ढग गडगडायला लागले की बुरी आली म्हणून समजायचं. उन्हाळ्यात तो नाही. पण त्याची गोष्ट सांगितली. हा मासा लहान असतो तेव्हा त्याचं नाव वेगळं, वाढला की वेगळं. त्या भागात त्सुबासु, मग हामाची, मग मेजिरो आणि पूर्ण वाढला की बुरी. जपानी लोक त्याला बढती मिळवणारा, म्हणून शुभ मासा मानतात. तात्या गंभीर झाले. म्हणाले, "मी मेजिरो म्हणूनच रिटायर झालंय."

शेवटी छोट्या बशीत गडद तांबूस काप आले. हेशिको. साबा नावाचा मासा मिठात मुरवायचा आणि मग तांदळाच्या कोंड्यात वर्षभर दाबून ठेवायचा. तात्यांनी आधी तो मासा ओळखला. "ह्यो बांगडो नाय, बांगड्याचो चुलतभाव." हे बरोबरच होतं, दोघं एकाच कुळातले. मग त्यांनी अर्धा काप जिभेवर ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला. खारा बांगडा. विमानानं एवढं लांब यायचं आणि शेवटी माजघरातल्या शिंक्याखाली पोचायचं. "पेज मिळात काय?" त्यांनी विचारलं. भाचीनं काय सांगितलं कोण जाणे. बाई उठल्या, वाडग्यात भात घातला, वर दोन काप ठेवले आणि किटलीतला गरम चहा त्यावर ओतला. आमच्यातल्या दोघींची तोंडं वाकडी झाली. म्हणजे माझ्या बायकोचं आणि मेहुणीचं. माझं व्हायच्या बेतात होतं, पण मी परदेशात असतो तेव्हा चेहरा आवरतो. चहा तो साखर-दुधाचा नव्हे, त्यांचा हिरवा, फिका. तात्यांनी वाडगं तोंडाला लावलं, भुरका मारला, खाली ठेवलं, आणि पहिल्यांदाच बाईंशी थेट बोलले. मालवणीत. बराच वेळ. त्यात त्यांची आजी, आषाढातला पाऊस, चुलीवरची पेज आणि त्यांचा धाकटा भाऊ एवढं सगळं आलं. भाचीनं त्याचं जपानी केलं, ते तीन शब्दांत आटोपलं. बाईंनी मान लववली.

"इतक्यात झाला?" तात्यांनी संशयानं विचारलं.

"हो बाबा. चांगलंय म्हणाले, सांगितलं."

रात्री लाल साके आली. खाडीच्या काठावरच एक साकेची भट्टी आहे, १७५४ साली सुरू झालेली. पुण्यात तेव्हा नानासाहेब पेशवे होते आणि पानिपताला सात वर्षं अवकाश होता. इथले लोक मात्र तांदूळ आंबवण्यात गुंतले होते. हल्ली तिथे मुख्य कारागीर एक बाई आहेत आणि जुन्या जातीच्या तांबड्या भातापासून त्या गुलाबीसर साके करतात. मेहुणी आयुष्यात दारूच्या वाटेला गेलेली नाही. रंग बघून तात्यांनी तिला हे कोकम सरबत असल्याचं सांगितलं. तिनं घोटभर घेतलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "कोकम जुनं आहे."

मग खिडकीत बसून भाचीनं उराशिमा तारोची गोष्ट सांगितली. जपानमध्ये ही पोराटोरांना ठाऊक असते, आणि त्याचं देऊळ याच इने तालुक्यासारख्या पसरलेल्या गावाच्या हद्दीत आहे. उराशिमा कोळी. त्यानं एका कासवाला वाचवलं, कासवानं त्याला समुद्रतळीच्या राजवाड्यात नेलं, तिथे राजकन्येच्या पाहुणचारात तो तीन वर्षं राहिला. परत गावी आला तर तीनशे वर्षं उलटलेली, ओळखीचं कुणीच नाही. राजकन्येनं दिलेली पेटी उघडू नकोस असं सांगितलं होतं, ती त्यानं उघडली. आतून धूर आला आणि तो तिथल्या तिथे म्हातारा झाला.

मेहुणीनं ताबडतोब ककुद्मी राजाची कथा काढली. तो आपली मुलगी रेवती कुणाला द्यावी हे विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गाणं चाललं होतं म्हणून जरा थांबला, तेवढ्यात खाली युगं उलटली आणि मनात धरलेली स्थळं नातवंडा-पतवंडांसकट संपली. "मग बलरामाला दिली," मेहुणी म्हणाली. भाची एकदम उठून पांघरुणं घालायला लागली. स्थळं हा शब्द निघाला की ती नेहमीच अशी कामाला लागते. तात्या वेगळ्याच विचारात होते. "तीनशे वर्सांनी गावात गेलो," ते म्हणाले, "तरी कोणी इचारल्यान असतला, कोणाचो तू?"

पहाटे आम्ही धक्क्यावर गेलो. इनेच्या बाहेर समुद्रात कायमची जाळी लावलेली असतात. मासे किनाऱ्याच्या वाटेनं येतात, आडव्या जाळ्यामुळे वळतात आणि आपणहून मोठ्या पिशवीत शिरतात. आपल्याकडे उत्तर कोकणातले कोळी बोंबलासाठी डोल लावतात त्यातलाच प्रकार, फक्त डोल ओढीच्या पाण्यावर भरते आणि हे माशांच्या स्वभावावर. होड्या अंधारात जातात, उजाडता परत येतात. मग मासे निवडले जातात, आणि गावातली माणसं बादल्या घेऊन येतात. बादली हीच पिशवी.

तात्यांनी अंघोळीची बादली मागून आणली होती. त्यांचा पवित्रा पाहून मेहुणीनं मला हळूच सांगितलं, "आता बघा." मालवणच्या बाजारात तात्यांचा भाव करण्याचा प्रयोग बघायला ओळखीचे लोक थांबतात. पहिली किंमत ऐकून हसायचं, दुसरी ऐकून दुसऱ्या टोपलीकडे वळायचं, माशाचा कल्ला वर करून "काल धरलेलो" असं जाहीर करायचं, कोळणीनं पूर्वजांपर्यंत जायचं, आणि शेवटी दोघांनी जिंकायचं. इथे रबरी एप्रन घातलेल्या बाईंनी आजी वजनकाट्यावर ठेवले आणि आकडा दाखवला. तात्या हसले. बाईही हसल्या. तात्यांनी मान हलवली. त्यांनीही हलवली. तात्या दुसऱ्या टोपलीकडे वळले. बाईंनी ती टोपली त्यांना नीट दिसावी म्हणून पुढे सरकवली. तात्यांनी कल्ला वर केला. आत लालभडक. माशाचे डोळे इतके ताजे, की तो तात्यांना ओळखेल असं वाटलं. हुकमाचा एकही पत्ता चालेना. तात्यांनी मुकाट पैसे काढले. तेव्हा बाईंनी, कुणी मागितलं नसताना, आणखी एक मासा उचलून बादलीत टाकला.

तात्यांनी बादली घेतली, पण चेहरा पडलेला. "भांडल्याशिवाय इलेलो मासो घशाखाली उतरणा नाय," ते म्हणाले. उतरला. पण नऊ वाजेपर्यंत कुरकुर चालू होती.

सकाळी खाडीतून फिरवणाऱ्या बोटीत बसलो. बोटीवर कोळंबीच्या चवीच्या कुरकुरीत कांड्यांची पाकिटं विकतात, ती माणसांनी घेऊन समुद्रपक्ष्यांना घालायची. पक्ष्यांना वेळापत्रक पाठ असतं; बोट सुटली की ते हजर. वर घारीही घिरट्या घालतात. माझ्या बायकोनं विकतच्या कांड्या न घेता डब्यातली भाजणीची चकली काढली, स्वतःसाठी. ती तोंडापाशी नेते न नेते तोच पाठीमागून घार आली, चकली उचलली आणि आओशिमाच्या दिशेनं गेली. एक काटा मोडला नाही. बायको काही क्षण रिकाम्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खुसखुशीत होती, तरी मोडली नाही." बोटीवरच्या जपानी प्रवाशांनी दुःख व्यक्त केलं. तात्यांना पाण्यातून घरांची रांग बघायची होती, त्यांनी घारीकडे पाहिलंच नाही. समुद्रावरून बघताना तिरके डोळे करावे लागत नाहीत. दोनशेहून जास्त घरं, सगळी समोरून उघडी, आणि कुणीही बघा. पाट्या सगळ्या रस्त्याच्या बाजूला.

बोटीतून उतरून मुक्कामी परतलो तेव्हा बाई भाचीशी काही बोलल्या. भाची थक्क होऊन ऐकत होती. मग तिनं सांगितलं. पलीकडच्या चौथ्या घरातल्या आजोबांनी निरोप पाठवला होता. डोक्याला चौकडीचं फडकं बांधलेले, सर्दी झालेले, ज्यांनी काल त्यांच्या लाकडी होडीकडे फार वेळ बघितलं आणि ज्यांना रात्री हेशिकोची पेज फार आवडली, त्या भारतीय गृहस्थांना होडी जवळून बघायची असेल तर चार वाजता यावं. आणि ज्या बाईंची घारीनं मिठाई नेली त्यांनीही यावं. आजोबांच्या सूनबाईंनी बदली म्हणून बिस्किटं ठेवली आहेत.

चकली नेऊन तास झाला नव्हता.

तात्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा घरी आल्यासारखा उजेड दिसला. "गावाक डोळे आसत!" ते म्हणाले. "नुसते तोंडानं इचारणत नायत. सगळा म्हायती आसा मेल्यांका!" त्यांनी पंचा नीट घडी घालून बांधला. चार वाजायला अवकाश होता तरी ते साडेतीनला रस्त्याच्या कडेला उभे होते, दिसतील असे.

होडीपाशी दोन म्हाताऱ्यांचं काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. भाचीनं सुरुवातीला भाषांतर केलं, मग तिची गरज उरली नाही. तात्यांनी फळीवर नाक टेकवून वास घेतला आणि मुशीच्या तेलाचा हावभाव केला, म्हणजे आधी मुशी पोहताना दाखवली आणि मग ती तळहातानं पिळली. आजोबांना कळलं. आजोबांनी सांध्यातली भर दाखवली. तात्यांनी राळ आणि कापूस दाखवला. दोघांनी होडीला थापटलं, बैलाला थापटावं तसं. मग आजोबांनी बोटं दाखवून काही विचारलं आणि भाचीकडे बघितलं.

"वय विचारतायत, बाबा."

तात्यांनी वय सांगितलं. आजोबांनी स्वतःचं सांगितलं, ते जास्त निघालं, तेव्हा विषयात त्यांचा वरचष्मा झाला. मग मुलं किती, मुलगी ही का, हिचं लग्न झालं का. इथे भाषांतरात एकदम अडथळा आला. पण आजोबांचा चेहरा आणि भाचीचा लाल रंग बघून तात्यांना प्रश्न बरोबर समजला आणि त्यांनी उत्तर देताना आकाशाकडे हात जोडले. आजोबांनी दुःखानं मान हलवली. त्यांच्या नातवाचंही तेच होतं.

दुसऱ्या दिवशी बसची वेळ झाली. थांब्यापाशी एक छोटा पांढरा टेम्पो येऊन थांबला, त्यातून आजोबा उतरले. निरोप द्यायला नव्हे. रात्री त्यांना एक मासा आठवला होता. तरुणपणी थंडीत त्यांनी धरलेला बुरी. त्यांनी दोन्ही हात पसरून तो दाखवला. तात्यांनी आदरानं पाहिलं आणि मग १९७० च्या दशकातला, देवबागच्या किनाऱ्यावर रापणीत आलेला एक घोळ मासा दाखवला. तो जरा मोठा होता. आजोबांना आपला मासा नीट आठवला नव्हता असं दिसलं, कारण त्यांनी पुन्हा हात पसरले तेव्हा तो वाढलेला होता. तात्यांच्या घोळीलाही शेपूट होतं हे त्यांना आता आठवलं. बस आली. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं, मेहुणीनं हाक मारली, भाचीनं दंड धरून त्यांना चढवलं. तात्या खिडकीशी बसले आणि काच खाली करून पुन्हा हात पसरायला लागले, पण मासा एव्हाना खिडकीत मावेना.